प्रॉक्सी पासवर्ड कधी मागते, कधी मागत नाही

प्रश्न : नेटवर्क सिक्युरिटीच्या सर्टिफिकेशनची तयारी चालू आहे. सराव परीक्षेत ‘ट्रान्सपरंट प्रॉक्सी वापरकर्त्याची ओळख कशी मागते?’ याला मी ‘४०७’ लिहिलं आणि ते चुकलं. ४०१ आणि ४०७ दोन्ही ओळखच मागतात ना?
— विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : दोन्ही ओळखच मागतात, पण मागणारा वेगळा असतो. ४०१ हा उत्तराचा कोड संकेतस्थळ पाठवतं, ४०७ प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्या मधला सर्व्हर. म्हणून असा प्रश्न आला की आधी एवढंच बघा : मध्ये प्रॉक्सी आहे हे ब्राउझरला ठाऊक आहे का?

सेटिंगमध्ये तुम्ही प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट (स्क्विड या प्रॉक्सी सॉफ्टवेअरचा ३१२८, पुष्कळ ठिकाणी ८०८०) भरलात, किंवा पॅक फाइलने (प्रॉक्सी कोणती ते ब्राउझरला सांगणाऱ्या फाइलने) तो दिला, तर ब्राउझर जाणूनबुजून प्रॉक्सीशी बोलतो. प्रॉक्सी ४०७ पाठवते, सोबत ‘प्रॉक्सी-ऑथेंटिकेट’ हेडरमध्ये कोणती पद्धत चालेल ते सांगते. ब्राउझर तीच विनंती ‘प्रॉक्सी-ऑथोरायझेशन’ जोडून पुन्हा पाठवतो. एचटीटीपीएस असेल तर हे सगळं ‘कनेक्ट’ विनंतीवरच, बोगदा उघडण्याआधी उरकतं.

ट्रान्सपरंट मांडणीत राउटर परस्पर रहदारी प्रॉक्सीकडे वळवतो. ब्राउझरच्या मते तो थेट संकेतस्थळाशी बोलतोय. तिथे ४०७ आला तर तो त्याला भीक घालत नाही, आणि घालूही नये. निपाणीहून कोल्हापूरला जाताना कोगनोळीचा नाका दिसतो, म्हणून आपण गाडी थांबवून कागद काढतो. आडरस्त्यात कुणीही हात केला म्हणून कागद देत नाही. ४०७ला सरसकट उत्तर मिळू लागलं तर कोणतंही लबाड संकेतस्थळ तुमचा प्रॉक्सीचा पासवर्ड काढून घेईल.

म्हणून ट्रान्सपरंट प्रॉक्सी संकेतस्थळाच्या नावाने ४०१ देते, किंवा ब्राउझरला लॉगिनच्या पानावर वळवते आणि पुढे आयपी किंवा कुकीवरून माणूस ओळखते. आयपीवरून ओळखण्यात मोठी गोम आहे : एका आयपीमागे दहाजण बसले असतील, तर पहिल्याच्या लॉगिनवर बाकीचे नऊ फुकट आत जातात. परीक्षेत ‘टर्मिनल सर्व्हर’ (अनेकजण एकाच आयपीवरून वापरतात तो सर्व्हर) शब्द दिसला की उत्तर बहुधा इथेच असतं.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमध्ये स्क्विड बसवला, पासवर्डची फाइल केली, पण तो कुणालाच काही विचारत नाही. सगळ्यांचं इंटरनेट बिनबोभाट चालतं.
— लॅब सहायक, खानापूर

उत्तर : स्क्विड ‘एचटीटीपी ॲक्सेस’च्या, म्हणजे कुणाला आत सोडायचं ते सांगणाऱ्या ओळी वरून खाली वाचतो आणि पहिली जुळली की थांबतो. तुमच्याकडे ‘लोकलनेटला परवानगी’ ही ओळ लॉगिनच्या ओळीच्या वर राहिली असणार. लॅबमधला प्रत्येक संगणक तिथेच पास होतो, खालची ओळ कधी वाचलीच जात नाही. लॉगिनची ओळ वर घ्या, लोकलनेटची काढा, शेवटी ‘डिनाय ऑल’ (बाकी सगळ्यांना नकार) ठेवा. स्क्विडला ‘-के पार्स’ देऊन चुका तपासा, मग ‘-के रीकॉन्फिगर’ द्या. चाचणी खासगी विंडोत करा, नाहीतर ब्राउझर जुनाच पासवर्ड वापरत राहील.

याच्या नेमकं उलटं दुखणं म्हणजे बरोबर पासवर्डही नाकारला जाणं. तेव्हा पासवर्डची फाइल स्क्विडच्या खात्याला वाचता येते का ते पाहा. रूट म्हणून फाइल केली की परवानगी हमखास राहून जाते.

आणि बेसिक पद्धतीतला पासवर्ड बेस६४ने फक्त वेगळा लिहिलेला असतो, कुलूपबंद नसतो. वायरवर कान लावणारा तो क्षणात उलगडतो. मुलांना त्यांचा मेलचा पासवर्ड इथे ठेवू देऊ नका.

प्रश्न : ऑफिसात केर्बेरॉस आहे. दोनच जुन्या संगणकांवर पासवर्डची खिडकी पुन्हा पुन्हा येते, तीही लाइट जाऊन आल्यावर.
— वाचक, निपाणी

उत्तर : खिडकी आली की आधी घड्याळ बघा, तारीखसुद्धा. केर्बेरॉस ही तिकिटावर ओळख पटवणारी पद्धत. तिच्यात वेळेचा शिक्का तपासला जातो आणि सर्वसाधारण मांडणीत ५ मिनिटांहून जास्त तफावत चालत नाही. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बसला असेल, तर लाइट गेली की घड्याळ मागे पडतं. तो सेल ३ व्होल्टचा असतो. मीटर लावून बघा आणि उतरला असेल तर बदला.

घड्याळ बरोबर निघालं, तर सेटिंगमध्ये प्रॉक्सीचं नाव आहे की आयपी, ते पाहा. तिकीट प्रॉक्सीच्या पूर्ण नावावर निघतं, नुसता आयपी भरला की सहसा ते मिळतच नाही आणि संगणक एनटीएलएम या विंडोजच्या जुन्या पद्धतीवर घसरतो. कमांड विंडोत ‘केलिस्ट’ चालवा : यादीत ‘एचटीटीपी’ आणि पुढे प्रॉक्सीचं नाव दिसलं तर तिकीट आलंय. एनटीएलएममध्ये प्रॉक्सीच्या लॉगवर २०० (विनंती मान्य) येण्याआधी दोनदा ४०७ दिसतो. तो बिघाड नाही, त्या पद्धतीच्या फेऱ्याच तेवढ्या आहेत.

प्रश्न : ब्राउझर चालतो, पण विंडोजचे अपडेट प्रॉक्सीतून उतरत नाहीत.
— वाचक, चिकोडी

उत्तर : अपडेटची सेवा ब्राउझरची सेटिंग वाचेलच असं नाही. ‘नेटश विनएचटीटीपी शो प्रॉक्सी’ चालवून तिला काय दिसतंय ते पाहा. शिवाय तिथे पासवर्ड टाकायला माणूस बसलेला नसतो. अपडेटच्या डोमेनना लॉगिनशिवाय परवानगी देणारी ओळ लिहा, आणि ती लॉगिनच्या ओळीच्या वर ठेवा.