'वॉज गिव्हन'पुढे नाम थेट येतं, मग 'वॉज एक्सप्लेन्ड'पुढे का नाही?

तुम्ही दिलेली दोन वाक्यं अशी: 'द टेनंट वॉज गिव्हन अ नोटीस' आणि 'द टेनंट वॉज एक्सप्लेन्ड द रूल'. पहिलं तपासणाऱ्याने तसंच ठेवलं, दुसऱ्यावर लाल रेघ मारली. पंचायतीचे मराठी ठराव इंग्रजीत नेताना हे वारंवार होतं, तेव्हा पॅसिव्ह क्रियापदाच्या पुढे नाम कधी चालतं आणि कधी नाही, असा तुमचा प्रश्न आहे.

तुम्ही नियम पॅसिव्हमध्ये शोधताय, पण तो कर्तरी वाक्यात असतो. पॅसिव्ह पदरचं काहीच घालत नाही. कर्तरी वाक्यात क्रियापदानंतर लगेच आलेलं नाम उचलून कर्त्याच्या जागी बसवायचं. बाकीचं आपल्या प्रीपोझिशनसकट जागच्या जागी राहतं. 'दे गेव्ह द टेनंट अ नोटीस' यातलं 'द टेनंट' पुढे गेलं, 'अ नोटीस' उरलं. 'एक्सप्लेन' मात्र माणसाला थेट घेतच नाही. त्याची बांधणी 'दे एक्सप्लेन्ड द रूल टू द टेनंट' अशी, म्हणून पॅसिव्ह 'द रूल वॉज एक्सप्लेन्ड टू द टेनंट'. ('शी वॉज स्पोकन टू' हे कसं चालतं, असं कुणी विचारेल. तिथे क्रियापद आणि 'टू' यांच्यामध्ये दुसरं कर्म नाही, म्हणून चालतं.)

खरी अडचण पुढे आहे. 'दे एक्सप्लेन्ड हिम द रूल' हे वाक्य आपल्या कानाला खटकतच नाही. 'त्याला नोटीस दिली' आणि 'त्याला नियम समजावला' यांची मराठीत ठेवण एकच, आणि कोकणीत 'ताका' म्हटलं तरी फरक पडत नाही. त्यामुळे इथे कानावर विसंबू नका, क्रियापदं पाठच करा. गिव्ह, सेंड, ऑफर, शो, टेल, टीच, पे, प्रॉमिस, ग्रँट, अलॉट, अवॉर्ड, आस्क, डिनाय, रिफ्यूज: यांच्या पॅसिव्हपुढे वस्तू थेट येते. एक्सप्लेन, सजेस्ट, से, अनाउन्स, मेन्शन, प्रपोज, डिस्क्राइब, डोनेट: यांच्यापुढे येत नाही. 'आय वॉज टोल्ड द डेट' बरोबर, 'आय वॉज सेड द डेट' चूक. 'शी वॉज रिफ्यूज्ड ॲडमिशन' बरोबर, 'शी वॉज रिजेक्टेड ॲडमिशन' चूक; अर्थ जवळचा असला म्हणून बांधणी जवळची असते असं नाही. आपल्याकडच्या इंग्रजीत 'आय वॉज सजेस्टेड धिस डॉक्टर' सर्रास बोलतात. बोलण्यात खपून जातं, सरकारी कागदावर लिहू नका.

पहिल्या गटातही मराठीची सवय एका जागी हमखास नडते. 'भाडेकरूंना नोटीस देण्यात आली' यात क्रियापद नोटिशीप्रमाणे बदलतं आणि भाडेकरू चतुर्थीत निवांत बसतात. जुन्या इंग्रजीतही असंच होतं, पण विभक्तीचे प्रत्यय झिजले आणि माणूस हळूहळू कर्ता झाला. त्यामुळे आज वचन माणसाचं बघायचं: 'द टेनंट्स वेअर गिव्हन अ नोटीस'. मसुद्यात 'द टेनंट्स वॉज गिव्हन' दिसलं की समजावं, लिहिणाऱ्याच्या मनात कर्ता अजून नोटीसच आहे. वस्तूला कर्ता केलं तर 'टू' लावा: 'अ नोटीस वॉज गिव्हन टू द टेनंट्स'. 'वॉज गिव्हन देम' जुन्या लिखाणात सापडेल, पण आज ते ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं.

आता तुम्ही न विचारलेली, पण ठरावांत सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट. पॅसिव्हपुढे थेट आलेलं नाम दोन वेगळ्या जातींचं असतं. 'गोवा वॉज ग्रँटेड स्टेटहुड इन 1987' आणि 'गोवा वॉज मेड अ स्टेट इन 1987' ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. घटना एकच, 30 मे 1987 ची. पहिल्यात स्टेटहुड म्हणजे गोवा नव्हे, ती गोव्याला मिळालेली गोष्ट आहे. म्हणून 'स्टेटहुड वॉज ग्रँटेड टू गोवा' असं उलटवता येतं. दुसऱ्यात स्टेट म्हणजे गोवाच. ते कर्म नाही, पूरक आहे, आणि पूरकाला कर्ता करता येत नाही. कसोटी सोपी आहे: कर्ता आणि पुढचं नाम यांच्यामध्ये 'इज' घालून बघा. 'गोवा इज अ स्टेट' जमतं, 'गोवा इज स्टेटहुड' जमत नाही. एकाच क्रियापदात दोन्ही जाती भेटतात तेव्हा तर मजाच: 'शी वॉज लेफ्ट अ विडो' म्हणजे ती विधवा झाली, 'शी वॉज लेफ्ट अ हाउस' म्हणजे तिच्या नावे घर ठेवलं गेलं. वारसाहक्काच्या कागदात ही दोन वाक्यं एकाखाली एक येऊ शकतात.

पूरक घेणारी क्रियापदं इलेक्ट, अपॉइंट, नेम, कॉल, मेक, डिक्लेअर, कन्सिडर. 'सरपंच म्हणून निवड झाली' यातल्या 'म्हणून'साठी सगळे 'ॲज' घालतात. 'वॉज इलेक्टेड ॲज सरपंच' चूक नाही, पण 'वॉज इलेक्टेड सरपंच' पुरतं. पद एकच असेल तर आर्टिकल नको. अनेक जणांपैकी एक असेल तर हवं, 'वॉज इलेक्टेड अ पंच' असं. 'रिगार्ड', 'ट्रीट' आणि 'स्वेअर इन' यांना मात्र 'ॲज' लागतंच: दयानंद बांदोडकर 20 डिसेंबर 1963 ला 'वॉज स्वॉर्न इन ॲज चीफ मिनिस्टर'. याउलट 'मेक'ला 'ॲज' चालत नाही. 'वॉज मेड ॲज चेअरमन' आढळलं की 'ॲज' खोडा.

प्रीपोझिशन अडवून धरणारी बाकीची क्रियापदं कचेरीच्या भाषेत ठरलेली आहेत. प्रोव्हाइड, सप्लाय, प्रेझेंट आणि ऑनर यांना 'विथ': 'द स्कूल वॉज प्रोव्हायडेड विथ बेंचेस'. इन्फॉर्म, डिप्राइव्ह, रॉब, ॲक्यूज यांना 'ऑफ'. 'आय वॉज इन्फॉर्म्ड द डेट' नको, 'ऑफ द डेट' हवं. पण पुढे पूर्ण उपवाक्य असेल तर 'ऑफ' गळतं, 'आय वॉज इन्फॉर्म्ड दॅट द ऑफिस वॉज क्लोज्ड'. चोरीच्या तक्रारीत 'ही वॉज स्टोलन हिज मोबाइल' लिहिलं तर माणूसच चोरीला गेला. एकतर 'हिज मोबाइल वॉज स्टोलन', नाहीतर 'ही वॉज रॉब्ड ऑफ हिज मोबाइल'. 'सर्व्ह' दोन्ही डगरींवर हात ठेवून आहे: 'वॉज सर्व्हड अ नोटीस' आणि 'वॉज सर्व्हड विथ अ नोटीस', दोन्ही चालतात.

दंडाचं वाक्य सरळ आहे, 'ही वॉज फाइन्ड 500 रुपीज', मध्ये 'ऑफ' किंवा 'विथ' नको. 'बाय' आणि 'कुक' यांसारख्या 'फॉर'वाल्या क्रियापदांत माणसाला कर्ता करणं टाळा. 'अ सायकल वॉज बॉट फॉर हर' निर्धोक.

'कन्फर' सगळ्यांना फसवतं. रवींद्र केळेकरांना 2006 चा ज्ञानपीठ मिळाला, हे लिहिताना 'वॉज कन्फर्ड द ज्ञानपीठ' आणि 'वॉज कन्फर्ड विथ' अशी दोन्ही रूपं छापून येतात. प्रमाण बांधणी 'द अवॉर्ड वॉज कन्फर्ड ऑन हिम'. माणसापासूनच सुरुवात करायची असेल तर क्रियापद बदला: 'ही वॉज अवॉर्डेड द ज्ञानपीठ'.

शंका आली तर विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडा आणि अर्थ सोडून क्रियापदाची चौकट बघा. 'गिव्ह सम्बडी समथिंग' असं छापलेलं असेल तर माणसाला कर्ता करा आणि वस्तू थेट पुढे ठेवा. 'एक्सप्लेन समथिंग टू सम्बडी' असं असेल तर वस्तूच कर्ता होईल.