फरशी ‘बसली’, तर पुन्हा ‘बसवायची’ कशी?

जुन्या घराचं काम काढलेल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. गवंडी त्यांना म्हणाला, “मधल्या खोलीतली फरशी बसलीय. नुसत्या दर्जा भरून भागणार नाही, उचकटून पुन्हा बसवावी लागेल.” वाचक विचारतात, बसलेली फरशी पुन्हा बसवायची म्हणजे काय? ‘दर्जा भरणे’ हा काय प्रकार आहे? दर्जा चांगला किंवा वाईट असतो, तो भरतात कसा? शिवाय कामाच्या कागदावर ‘जमीन’ लिहावं, ‘फरशी’ लिहावं की सरळ ‘फ्लोअरिंग’?

गवंड्याचं वाक्य व्याकरणाने आणि बांधकामाच्या दृष्टीनेही अगदी चोख आहे. गोंधळ ‘बसणे’ या क्रियापदामुळे होतो. घडी बसते, जम बसतो, हात बसतो, तेव्हा आपल्याला बरं वाटतं. आवाज बसतो, धंदा बसतो, पावसात जुनी भिंत बसते, तेव्हा वाईट वाटतं. पहिल्या गटात वस्तू आपल्या जागी येते आणि दुसऱ्या गटात ती आपल्या जागेवरून खाली जाते. ‘बसवणे’ हे प्रयोजक रूप फक्त पहिल्या अर्थाचं. फरशी बसवली म्हणजे जागेवर नीट टेकवली. कुणी जाणूनबुजून खाली घालवली, असा अर्थ त्यातून कधीच निघत नाही. म्हणून ‘बसली आहे, पुन्हा बसवा’ या वाक्यात पुनरुक्ती नाही आणि विरोधही नाही.

ऐकताना कुठला अर्थ घ्यायचा हे बहुतेक वेळा सोबतचा शब्द सांगतो. ‘नीट बसली’, ‘चपखल बसली’ म्हटलं की काम झालं. ‘कोपऱ्यात बसलीय’, ‘जरा बसलीय’ म्हटलं की काम निघालं! बोलताना सूर असतो, हाताने खूण करता येते. कागदावर यातलं काहीच नसतं. तिथे ‘बसली’ऐवजी ‘खाली गेली’ लिहिलेलं बरं. माझ्या कानाला ‘बसली’ आणि ‘खचली’ या दोन शब्दांत थोडा फरक जाणवतो. भराव हळूहळू दबून सगळा भाग सारखा खाली आला तर बसली. खालची माती वाहून गेली, उंदरांनी पोखरली आणि आधारच गेला तर खचली. सगळे जण हा भेद पाळतात असं नाही, पण दुरुस्ती करणाऱ्याच्या तो कामाचा आहे. पहिल्यात भराव पुन्हा भरून, पाणी मारून, थराथराने चोपावा लागतो. दुसऱ्यात आधी गळणारा नळ किंवा मोरीची फुटकी वाट शोधावी लागते. ती न शोधता नवी फरशी बसवली तर तीही त्याच वाटेने जाणार.

याच्या उलट ‘फरशी उठली’. हा शब्द टाइलच्या काळात जास्त ऐकू येतो. टाइला एकमेकींना अगदी चिकटवून लावल्या आणि भिंतीच्या कडेला फट ठेवली नाही, तर उष्णतेने किंवा ओलाव्याने प्रसरण पावल्यावर त्यांना सरकायला जागाच उरत नाही. मग दोन टाइला छपरासारख्या वर येतात, कधीकधी मोठा आवाज करून. त्याआधीची पायरी म्हणजे टाइल ‘पोकळ वाजते’. काठीने किंवा नाण्याने ठोकून पाहिलं की खालचा सिमेंट-वाळूचा मसाला सुटलेला कळतो. म्हणजे वर आलेली ती उठली, खाली गेलेली ती बसली आणि जागेवर असूनही खालून सुटलेली ती वाजते. निदानाची ही भाषा मला तरी कुठल्याही तांत्रिक अहवालापेक्षा नेमकी वाटते.

आता ‘दर्जा’. इथे दोन वेगळे शब्द एकाच वेशात आले आहेत. प्रत, योग्यता या अर्थाचा दर्जा अरबी ‘दरजा’वरून आला. तिकडे त्याचा अर्थ पायरी, त्यावरून श्रेणी. गवंड्याचा शब्द आहे ‘दरज’, स्त्रीलिंगी, फारसी ‘दर्ज़’वरून आलेला. अर्थ सांधा, शिवण, फट. कापडाच्या शिवणीवरून शिंप्याला ‘दर्जी’ म्हणतात, तोही याच घराण्यातला. दोन दगडांमधली किंवा दोन फरश्यांमधली फट ती दरज. वीट–विटा, तार–तारा, तसं दरज–दरजा. मराठी उच्चारात मधला ‘र’ आपोआप तोकडा होतो आणि कान ‘दर्जा’ ऐकतो. पुढे लिहिणाराही तेच लिहितो.

ओळखायची खूण सोपी आहे. क्रियापद बघा. ‘दर्जा घसरला’ हे पुल्लिंगी एकवचन, तिथे प्रत आली. ‘दर्जा भरल्या’ हे स्त्रीलिंगी अनेकवचन, तिथे फटी आल्या. तुमच्या गवंड्याने ‘नुसत्या दर्जा’ म्हटलं आहे, ‘नुसता दर्जा’ नव्हे. तिथेच उत्तर होतं. लिहिताना ‘दरजा भरणे’ असं लिहिलं तर निम्मा गोंधळ आपोआप जाईल, पण कंत्राटाच्या कागदांवर ‘दर्जा’ इतका रुळलाय की त्याला आता चूक म्हणण्यात अर्थ नाही.

दरजांचाच विषय निघालाय तर एक सांगून टाकतो. जुन्या दगडी फरशीच्या दरजा मुळात चुन्याच्या असतील, तर त्या कडक सिमेंटने भरू नयेत. दगड किंचित हलला तर चुना थोडं सोसतो. सिमेंट सोसत नाही आणि मग दगडाच्या कडांचे टवके उडतात. जमिनीतली ओल चुन्याच्या दरजांमधून बाहेर पडत असते. ती वाट बंद झाली की ओल दगडातून किंवा भिंतीच्या पायथ्यातून वाट काढते. आणि फरशी खाली गेली असताना वरून दरजा भरणं म्हणजे फक्त भेग झाकणं. गवंडी हेच म्हणत होता.

तिसरा प्रश्न शब्दांच्या निवडीचा. ‘फरशी’चं मूळ अरबी ‘फर्श’, म्हणजे पसरलेली वस्तू. फारसीत त्याचा अर्थ आजही गालिचा असा होतो. तंबू, सतरंज्या, बिछायती सांभाळणारा फरास आणि त्यांचं खातं ते फरासखाना, हेही त्याच मुळाचे. मराठीत मात्र बिछायतीचा दगड झाला. (हत्यार असलेली फरशी वेगळी. ती परशूची नातेवाईक, तिचा जमिनीशी संबंध नाही.) अडचण अशी की आपण एका दगडालाही फरशी म्हणतो आणि सगळ्या पृष्ठभागालाही. ‘फरशी फुटली’ म्हणजे एक, ‘फरशी पुसली’ म्हणजे सगळी. लादीचंही तेच. म्हणून कागदावर ‘फरशी बदलणे’ एवढंच लिहिणं धोक्याचं. किती, हे त्यात येत नाही.

‘जमीन’ हा शब्द त्याहून मोठा आहे. भराव, त्यावर दगड रचून केलेलं सोलिंग, त्यावरचा कोबा (चुन्याचा किंवा सिमेंट-काँक्रीटचा थर) आणि सगळ्यात वर फरशी, हे सगळं मिळून घराची जमीन. प्रत्येक थराचं क्रियापदही आपलं आपलं. भराव चोपतात, कोबा घालतात आणि घोटतात, फरशी बसवतात, भिंतीवरची टाइल लावतात, मातीची जमीन सारवतात, गालिचा अंथरतात. यांची अदलाबदल केली की मराठी माणसाच्या कानाला लगेच खटकतं. हल्ली ‘फ्लोअरिंग केलं’ म्हटलं की यातलं नक्की काय केलं ते कळतच नाही, ही माझी तक्रार. शिवाय नुसतं ‘फ्लोअर’ म्हटलं की मराठीत मजलाही समजला जातो. कोबा हा शब्द तर उलट्या दिशेने गेला आहे. विटांचे तुकडे घालून केलेल्या गच्चीच्या जलरोधक कामाला इंग्रजी अंदाजपत्रकातही ‘ब्रिकबॅट कोबा’च म्हणतात.

वरच्या मजल्यावर लाकडी काम असेल तर आणखी एक शब्द लागेल, कडीपाट. कड्यांवर (आडव्या लाकडी तुळयांवर) पाट (फळ्या) टाकून केलेला हा थर खालच्या खोलीचं छत असतो आणि वरच्या खोलीच्या जमिनीचा आधार. त्याचं काम ‘छत’ म्हणून लिहायचं की ‘जमीन’ म्हणून, यावर वाद घालू नका. ‘कडीपाट’ लिहा. आणि वर जड दगड किंवा टाइल घालायची असेल, तर आधी कड्यांची टोकं भिंतीत शिरतात तिथे कुजली नाहीत ना, ते पाहून घ्या.

‘उचकटणे’बद्दल मात्र सावध करतो. त्यात पहारीचा जोर आहे. उचकटलेली फरशी फुटली तर गवंड्याला दोष देता येणार नाही, शब्द तुमच्याच कागदावर असेल. जुने दगड पुन्हा वापरायचे असतील तर मजकूर असा ठेवा: ‘मधल्या खोलीतील खाली गेलेल्या भागातील फरश्या न फोडता काढून क्रमांक घालून ठेवणे. खालचा सैल भराव काढून नवीन भराव थराथराने चोपणे. त्यावर कोबा घालून त्याच फरश्या पाणसळीत (एका पातळीत) बसवणे, मोरीकडील बाजूस ढाळ (उतार) देणे व चुन्याने दरजा भरणे.’ किती फरश्या, हा आकडा तेवढा मोजून घाला.