घरी भजन रेकॉर्ड करायला प्रो टूल्स लागत नाही

तुम्ही विचारलंय की घरच्या विंडोज लॅपटॉपवर आवाज, पेटी आणि तबला रेकॉर्ड करायचाय, तर सॉफ्टवेअर कोणतं घेऊ. एवढ्यावर थांबला असतात तर मी वाचून पुढे गेले असते. पण खाली तुम्ही, स्टुडिओवाल्यांच्या त्या प्रो टूल्स सॉफ्टवेअरबद्दल, जोडलंय, ‘स्टुडिओत काम करणारा मित्र म्हणतो, प्रो टूल्स नसेल तर ते रेकॉर्डिंगच नव्हे.’ हे वाक्य मी आमच्याच घरात, जेवायला बसल्यावर, बऱ्याचदा ऐकलंय. म्हणून लिहायला बसले.

आधी उत्तर देऊन टाकते. रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या. कारणं पुढे येतील, जमतील तशी.

सांगलीत आमचं महिला भजनी मंडळ आहे. मी पेटीवर, सासूबाई पुढे गातात, पखवाजावर मागच्या गल्लीतली एक कॉलेजातली मुलगी (कणीक मळून धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, लावण्यापासून सगळं तीच करते), आणि टाळ घेऊन सात-आठ जणी. एका आषाढीच्या आधी ठरलं की आपले काही अभंग नीट रेकॉर्ड करून घेऊ, परदेशातल्या मुलांना पाठवता येतील. वर्गणी काढली आणि एका स्टुडिओत गेलो. नाव सांगणार नाही. माणूस अदबशीर होता, यंत्रं चांगली होती, चहा दोनदा आला. पण त्यानं आम्हाला एकत्र बसूच दिलं नाही. आधी मी एकटी पेटी वाजवायची, मग पखवाज, मग सासूबाई, शेवटी टाळ. आणि प्रत्येकीच्या कानात हेडफोनमधून टिक-टिक-टिक.

आता भजन करणाऱ्या माणसाला हे सांगायला नको, पण तुमच्या मित्राला सांगा : अभंग ज्या लयीत सुरू होतो त्या लयीत संपत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या चरणानंतर ठेका चढायला लागतो आणि गजर येईपर्यंत तो कुठच्या कुठे गेलेला असतो. हे कुणी आकडे ठरवून करत नाही. पखवाजवाली टाळकरणींकडे बघते, टाळकरणी सासूबाईंकडे, आणि सासूबाई डोळे मिटून. स्टुडिओवाला म्हणाला, ‘काकू, टेम्पो एकच ठेवा, नाहीतर मला एडिट करता येणार नाही.’ ठेवला. गजरसुद्धा त्याच लयीत केला. टाळ घेतलेल्या बायका एवढ्या शिस्तीत मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या.

पंधरवड्यानं फाइल आली. पखवाजाचा प्रत्येक बोल उचलून ग्रिडच्या, म्हणजे पडद्यावर आखलेल्या ठरावीक लयीच्या, रेघेवर नेऊन ठेवलेला. आवाजावर सूर दुरुस्त करणारं प्लगइन लावलेलं. सासूबाईंनी पहिला अभंग शेवटपर्यंत शांतपणे ऐकला आणि विचारलं, ‘आपलं कधी लावणार?’

इथे थोडं तांत्रिक सांगते, कारण माझं सगळं म्हणणं यावरच उभं आहे. षड्जापासून शुद्ध गंधार, तंबोऱ्यात ऐकू येतो तो, साधारण ३८६ सेंटवर असतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). पेटीचा गंधार ४०० वर, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. म्हणजे खरा गंधार पेटीपेक्षा १४ सेंट खाली. सासूबाईंचं सगळं आयुष्य तंबोऱ्यावर गाण्यात गेलंय, त्यांचा गंधार आपसूक खाली लागतो, आणि तो बरोबर लागतो. प्लगइनला हे कुठलं कळायला! त्याला पेटीच्या बारा पट्ट्या तेवढ्या ठाऊक. त्यानं तो गंधार ‘बेसूर’ ठरवून वर ओढला आणि जाता जाता मींड सरळ करून टाकली. पेटी आणि गळ्याचं हे भांडण जुनं आहे. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली त्यामागेही हा मुद्दा होता, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. मी स्वतः पेटीवाली असून सांगते, गळ्याचं बरोबर असतं.

घरी आल्यावर धाकटे दीर म्हणाले, ‘वहिनी, प्रोफेशनल म्हणजे असंच वाजतं. जग ग्रिडवर चालतं.’ भावजी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतात, लग्नाच्या संगीतासाठी ट्रॅक बनवून देतात, आणि त्यांच्या लॅपटॉपवर एक महागडं सॉफ्टवेअर आहे. चोरीचं. अँटीव्हायरस बंद करून बसवलेलं. विंडोजचं अपडेट आलं की ते उघडेनासं होतं, म्हणून त्यांनी अपडेटच बंद करून ठेवलेत. याच लॅपटॉपवरून त्यांचे बँकेचे व्यवहार चालतात. आणि मला सांगायचे, ‘तुमचं ते स्वस्तातलं.’

रीपर स्वस्तातलं आहे हे खरंच. घरगुती परवाना ६० डॉलर, म्हणजे डॉलरच्या भावाप्रमाणे पाच हजारांच्या आसपास. व्यावसायिक परवाना २२५ डॉलर, पण त्यातून वर्षाला २०,००० डॉलरपेक्षा जास्त कमाई नसेल तर छोटाच चालतो. भजनी मंडळाला काळजी नाही. आधी ६० दिवस काहीही कुलूपबंद न ठेवता वापरायला देतात. बनवणारा जस्टिन फ्रँकेल, ज्यानं विनअँप बनवलं तोच. तुमच्या वयाचा अंदाज नाही, पण आमच्या पिढीनं पहिली एमपी३ विनअँपवरच ऐकली. त्याचा हात असा की जुन्या लॅपटॉपवरही हे धडपडत नाही.

सात-आठ टाळांसकट आम्ही घरी रेकॉर्ड करायचं ठरवलं तेव्हा मला जे हवं होतं ते एवढंच : चार माइक एकाच वेळी चार वेगळ्या ट्रॅकवर यावेत, आणि सगळ्या बायका एकमेकींना बघत एकत्र बसाव्यात. ऑडॅसिटी फुकट आहे, चांगलं आहे, एकट्याचा आवाज घ्यायला किंवा जुन्या कॅसेट उतरवून घ्यायला मी अजूनही तेच उघडते. पण विंडोजवर दोनपेक्षा जास्त माइक वेगवेगळे घ्यायचे म्हटलं की ते अंगावर येतं. तुम्ही आवाज, पेटी, तबला म्हणताय. तबल्यालाच उजव्याला एक आणि डग्ग्याला एक असे दोन माइक लागले तर चार झाले. तिथे रीपर बरं.

उघडल्यावर पहिल्यांदा हे करा. बहुतेक सॉफ्टवेअरं १२० ची लय आणि चार मात्रांच्या रेघा मांडूनच उघडतात. रीपरही त्याला अपवाद नाही. ती मोजपट्टी मिनिटं-सेकंदांवर आणा, स्नॅप (तुकडे आपोआप रेघेला चिकटवणारी सोय) बंद करा, टाइमबेस ‘टाइम’वर ठेवा, मेट्रोनोम, म्हणजे ती टिक-टिक, बंद. झालं, तुमचा अभंग मोकळा. क्युबेस नावाच्या सॉफ्टवेअरमध्येही हे होतं, प्रो टूल्समध्येही होतं, हे मी नाकारत नाही. तरी भांडण सॉफ्टवेअरशी नाहीच असं म्हणून मी गप्प बसणार नाही. समोर रेघा आखलेल्या असल्या की माणसाचा हात त्यांच्यावर तुकडे नेऊन ठेवायला शिवशिवतोच.

टाळ असतील तर टाळ प्रत्येक माइकमध्ये शिरणार. पखवाजाचा माइक असो की पेटीचा, त्यात टाळ आहेच. त्यामुळे एकीची चूक वेगळी कापून काढणं विसरा. आम्ही एक अभंग दोन-तीनदा सलग करतो आणि जोडायचं असेल तर ध्रुपदावर, म्हणजे पालुपदावर, परत येताना, समेवर, चारही ट्रॅक एकत्र कापतो. रीपरमध्ये ट्रॅक एका ग्रुपमध्ये बांधले की एकाला कात्री लावली तरी सगळे एकाच जागी कापले जातात. दोन टेकची लय थोडी वेगळी असते, म्हणून लवकरचा ध्रुपद लवकरच्याला आणि गजराजवळचा गजराजवळच्याला. हे कानानं कळतं, रेघेनं नाही.

माइक ठेवताना एक जुना नियम पाळा : माइक वाद्यापासून जेवढ्या अंतरावर, त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये. नाहीतर आवाज पोकळ होतो आणि मग तुम्ही प्लगइन शोधत बसता. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती घ्यायचा ते, लावायचा तो गजराच्या वेळी, आलापाच्या वेळी नाही. सगळ्यात मोठ्या आवाजाला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे. २४ बिटवर रेकॉर्ड करा म्हणजे हळू भागाचंही काही बिघडत नाही. फुटलेला आवाज नंतर कशानंही सांधत नाही.

स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो ही तक्रार तुम्ही करणारच, म्हणून आधीच सांगते. बफर, म्हणजे संगणक एका दमात हाताळतो तेवढे आवाजाचे नमुने, १०२४ असेल तर ४८ किलोहर्ट्झवर नुसता एका बाजूचा उशीर २१ मिलिसेकंदांचा, १२८ केलं की तीनच्याही खाली. इंटरफेसच्या (माइक लॅपटॉपला जोडायच्या डबीच्या) कंपनीचा, हा उशीर कमी करणारा असिओ ड्रायव्हर घाला, नसेलच तर असिओफोरऑल. आणि खरं म्हणजे इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, ते दाबा. मग तुमचा आवाज संगणकात न जाताच कानात येतो आणि सॉफ्टवेअर कुठलंही असलं तरी फरक पडत नाही. आम्ही तर हेडफोनच घालत नाही. समोरासमोर बसल्यावर कशाला लागतो?

तंबोऱ्याचं ॲप लावणार असाल तर आधी पेटीशी जुळवा. पेटीवर काळी चार म्हणून जी पट्टी आहे ती ॲपच्या काळी चारला बरोबर मिळेलच असं नाही, जुन्या पेट्या बऱ्याचदा थोड्या चढलेल्या किंवा उतरलेल्या असतात. ॲपमध्ये सेंट कमी-जास्त करायची सोय असते. आमच्या मिरजेच्या तंबोऱ्याला हा प्रश्न नाही, खुंटी पिळली की झालं.

पैसे उरले तर ते खोलीवर घाला. पंखा बंद, फ्रिज बंद, लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर. अर्थिंग नीट नसलेल्या घरात निम्मी घरघर तिथेच थांबते. भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला नमस्कार करा. गाद्या उभ्या करा, गोधड्या टांगा. अंड्याच्या ट्रेनं फक्त झुरळं येतात.

आता तुमच्या मित्राच्या बाजूचं. प्रो टूल्स १९९१ पासून आहे आणि मुंबईच्या स्टुडिओत नोकरी करायची असेल, तिथून आलेली सेशन उघडून परत पाठवायची असतील, तर ते शिका. बीट बनवायचे असतील तर एफएल स्टुडिओ घ्या, एकदा घेतलं की पुढची अपडेटं आयुष्यभर फुकट. मॅक असता तर गॅरेजबँड त्यातच येतं आणि तुमचं काम त्यावरही झालं असतं. रीपरमध्ये तयार वाद्यं जवळपास नाहीत, सतार-बासरी कीबोर्डवर वाजवायची असेल तर वेगळी घ्यावी लागतील. दिसायलाही ते सुंदर नाही, मेन्यूत मेन्यू निघतात. क्लिकवर, म्हणजे त्या टिक-टिकीवर, गाणं पाप आहे असंही मी म्हणत नाही. हल्ली सिनेमाचं गाणं सहसा क्लिकशिवाय होत नाही आणि त्यातली कित्येक गाणी मला पाठ आहेत. भजनाला लावू नका एवढंच.

आणि काहीही घेतलंत तरी प्रत्येक ट्रॅक वेव्ह फाइल करून वेगळ्या डिस्कवर ठेवा. केकवॉक सोनार हे असंच एक सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांना २०१७ साली एके दिवशी कळलं की त्याची मालक कंपनी गिब्सननं काम थांबवलं. पुढच्या वर्षी बँडलॅब या दुसऱ्या कंपनीनं ते घेऊन फुकट दिलं, पण मधले महिने लोकांची झोप उडाली होती. वेव्ह कुठेही उघडते.

भावजींनी आमचं घरचं रेकॉर्डिंग ऐकलं. म्हणाले, ‘रूम साउंड जरा जास्त आहे, पण आई बरी गायलीय.’ मग म्हणाले, चार ट्रॅक द्या, मी जरा ग्रिडवर बसवून बघतो. नाही दिले. त्यांना हवं तर साठ दिवस फुकट आहेत, स्वतःच्या नावावर घ्यावं.