एकाच चॅनलच्या ट्यूब ॲम्पमधून क्लीन, क्रंच आणि लीड कसं काढायचं

तुझा गिटारचा ॲम्प १५ वॅटचा, दोन ईएल८४ (ही एक पॉवर ट्यूब) वाला, इंदिरानगरच्या फ्लॅटवर मस्त वाजतो पण कॉलेज रोडला बँडबरोबर प्रॅक्टिसला नेला की गढूळ होतो आणि गिटार ऐकूच येत नाही, बरोबर ना? मित्रा, ॲम्प बिघडलेला नाहीये. कमी आवाजात आपल्या कानाला बास (खालचे जाड सूर) आणि ट्रेबल (वरचे तीक्ष्ण सूर) कमीच ऐकू येतात म्हणून घरी आपण ते दोन्ही चढवतो आणि मिड (मधले सूर) खाली आणतो, आणि तेच सेटिंग ड्रम्ससोबत मोठ्या आवाजात लावलं की तुझ्या ॲम्पचा बास थेट बास गिटारवाल्याच्या जागेत घुसतो, ट्रेबल सिंबल्समध्ये हरवतो, आणि जो मिड गिटारला पुढे आणतो तो तर तूच काढून टाकलेला असतोस. म्हणून सेटिंग करायचं ते ड्रमर वाजवत असताना, त्याच आवाजात.

नॉब १२ वाजता, म्हणजे मधोमध, ठेवला की आवाज फ्लॅट (काही वाढवलेलं-कापलेलं नसलेला), हे आधी डोक्यातून काढ. बास, मिड, ट्रेबल हे तिन्ही नॉब एकमेकांत अडकलेले असतात. फेंडर कंपनीच्या ॲम्पच्या तीन नॉबवाल्या जुन्या सर्किटमध्ये तिन्ही शून्यावर नेले की आवाज जवळजवळ बंदच होतो, आणि तिन्ही मधोमध ठेवले तरी मिडमध्ये खड्डा असतोच. मार्शल कंपनीचा पहिला ॲम्प, जेटीएम४५, फेंडरच्या बेसमन ॲम्पच्या सर्किटवरूनच बनवलेला, त्यामुळे तिकडेही हीच गंमत.

मी असं करतो. बास ३, मिड ७, ट्रेबल ५, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण १०, मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) बँडला पुरेल इतका. मग गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) हळूहळू चढवत जायचं, जोरात स्ट्रोक मारला की आवाज फाटतोय आणि हलक्या हाताने साफ राहतोय अशी जागा सापडली की थांबायचं. हा झाला तुझा क्रंच. आता ॲम्पला हातही न लावता गिटारचा व्हॉल्यूम ५-६ वर आण, क्लीन मिळेल. आवाज थोडा बसका वाटला तर गिटारच्या व्हॉल्यूम पॉटवर (नॉबखालच्या भागावर) ट्रेबल ब्लीडचा, म्हणजे व्हॉल्यूम कमी केला तरी ट्रेबल टिकवणारा, छोटा कपॅसिटर लावून घे, फार फरक पडतो खरंच.

लीडसाठी, म्हणजे सोलो वाजवताना, ट्यूब स्क्रीमर टाइपचा ओव्हरड्राइव्ह पेडल, पण ड्राइव्ह जवळपास शून्य आणि लेव्हल चढवलेली. तो पेडल आवाज ॲम्पमध्ये जाण्याआधीच बास कापतो आणि ७२० हर्ट्झच्या आसपासचा मिड वर काढतो, म्हणून डिस्टॉर्शन घट्ट राहतं, भसभस होत नाही.

ॲम्प जमिनीवर ठेवू नकोस प्लीज. स्पीकर तुझ्या गुडघ्यांकडे तोंड करून वाजतो, तुला आवाज बोथट वाटतो, तू ट्रेबल वाढवतोस आणि समोर बसलेल्यांचे कान फुटतात. खुर्चीवर ठेव, थोडा मागे कलव, मग ट्रेबल ठरव. गंगापूर रोडच्या एखाद्या लॉन्सवर शो असेल तर मागे भिंत नसते, बास एकदम पातळ होतो, तिथे बास ५ पर्यंत बिनधास्त ने, आणि बंद खोलीत कोपऱ्यात ठेवलास तर २ सुद्धा पुरतो.

एक मात्र लक्षात ठेव, स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. स्पीकरचे ओहम (विद्युत रोधाचं माप) आणि मागच्या जॅकवर लिहिलेले ओहम जुळताहेत का तेही बघून घे.