मुलांना सिटी बसने गावात नेऊन नाताळची रोषणाई दाखवता येईल का?

तुम्ही विचारलंय की बदलीमुळे नुकतेच जुळे सोलापुरात राहायला आलात, मुलं 5 आणि 9 वर्षांची आहेत, घरी गाडी नाही. नाताळच्या सुट्टीत त्यांना बसने गावात न्यावं, की गर्दीत उगाच हाल होतील?

न्या, जरूर न्या. मी माझ्या दोन्ही मुलांना परिवहनच्या बसने आणि शेअर रिक्षानेच फिरवलंय. पुढेही वाचा मात्र, कारण सोलापुरात रोषणाईचा खरा हंगाम नाताळला संपत नाही, तिथून सुरू होतो.

आधी नाताळ. मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये असतो तसा अवाढव्य देखावा इथे शोधू नका. इथला नाताळ रंगभवनच्या बाजूला आहे, तिथलं फर्स्ट चर्च आणि त्याच्या आसपासची ख्रिस्ती वस्ती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनची माणसं सोलापुरात आली, त्यामुळे इथली उपासना पिढ्यान् पिढ्या मराठीतच चालत आलीय. रेव्हरंड नारायण वामन टिळक याच मिशनचे, आणि त्यांची भजनं आजही मराठी मंडळ्यांमध्ये गायली जातात. टाळ-पेटीवरचं भजन कानावर पडलं की मुलांना आपण परक्या ठिकाणी आलोय असं वाटतच नाही. घरांवर कागदाच्या चांदण्या टांगलेल्या असतात, कुठे अंगणात गोठा मांडलेला असतो. मुलांना उंच झाडापेक्षा हा गोठाच जास्त आवडतो, असा माझा अनुभव आहे. माझी धाकटी त्या गोठ्यापुढे उकिडवी बसून गव्हाणीतल्या बाळाकडे नाही, शेजारच्या मातीच्या वासराकडे बघत राहिली होती. त्याच्या तोंडाशी कुणीतरी खऱ्या कडब्याची काडी ठेवली होती. ओळखीचं कुणी असेल तर घरी बोलावतील, आणि ताटात केकबरोबर करंजी-चकलीही येईल.

जाताना 24 ची रात्र आणि 25 ची सकाळ टाळा. तो त्यांच्या उपासनेचा वेळ आहे, बघ्यांनी तिथे गर्दी करू नये असं मला मनापासून वाटतं. चांदण्या, माळा नवीन वर्षापर्यंत असतातच, म्हणून 26 नंतरची एखादी संध्याकाळ धरा. आत जाण्याआधी दाराशी कुणाला तरी विचारा. चपला बाहेर काढलेल्या दिसल्या तर आपणही काढायच्या.

बसचं सांगते. गाड्या कमी आहेत, तेव्हा मिनिटाचा हिशेब धरून निघू नका. दिवेलागणीच्या तासभर आधी घर सोडा. सात रस्ता चौकापर्यंत पोचलात की रंगभवन पुढेच आहे. बस लवकर येत नसेल तर शेअर रिक्षा करा, पण धाकट्याला मांडीवर आणि थोरल्याला आतल्या बाजूला बसवा, कडेला नको. उतरताना कंडक्टरला एवढं विचाराच, "परतीची शेवटची गाडी किती वाजता?" कुठल्याही ॲपपेक्षा ते उत्तर जास्त उपयोगी पडतं. सुटे पैसे थोरल्याच्या हातात द्या आणि तिकीट त्यालाच काढू द्या. नऊ वर्षांच्या मुलाला त्या संध्याकाळी सगळ्यांत मोठी गोष्ट तीच वाटते.

आता गड्डा, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा. ती संक्रांतीच्या सुमाराला भरते. पहिल्या दिवशी नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, 68 लिंगांना तैलाभिषेक करायला निघतात, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, तिसऱ्या दिवशी होम मैदानावर होमप्रदीपन, चौथ्या दिवशी शोभेचं दारूकाम. कुंभाराच्या मुलीला सिद्धरामांशीच लग्न करायचं होतं, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायची संमती दिली, अशी कथा आहे. नंदीध्वज म्हणजे त्या योगदंडाचं प्रतीक. ही गोष्ट बसमध्येच सांगून टाका, म्हणजे उंच काठ्या दिसल्या की मुलांना त्या नवरदेवाच्या आहेत हे कळेल.

सात काठ्या उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात. पांढरी बाराबंदी घातलेला माणूस काठी कमरेशी पेलून चालतो, आणि वरचं टोक झुकायला लागलं की नुसत्या पावलांनी तोल सावरतो. मागून "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा घोष उठतो, तो छातीत घुमतो. धाकटं पहिल्यांदा दचकेल, कडेवर घ्या. होमप्रदीपनाच्या रात्री याच काठ्यांवर दिव्यांची रोषणाई असते, ती मात्र चुकवू नका.

अक्षतेला पाच वर्षांचं मूल नेऊ नका. इतकी माणसं एका जागी असतात की लहान पोराला पाठींशिवाय काही दिसत नाही. त्यापेक्षा काठ्यांच्या मार्गावर एखाद्या दुकानाच्या पायरीशी सकाळी जाऊन उभं राहा. दारूकाम बघायलाही मैदानात शिरायची गरज नाही, आभाळातलं लांबूनही छान दिसतं. पाळणे, खेळणी, खाऊ हे सगळं मुख्य दिवस उलटल्यावरही बरेच दिवस असतं. तेव्हा शनिवार-रविवार सोडून जा, पाळण्याच्या रांगेत पोरं रडकुंडीला येणार नाहीत.

त्या चार दिवसांत मंदिराकडचे रस्ते बंद असतात आणि बस वळवतात. तेव्हा आधीच्या थांब्यावर उतरून चालत जायचं मनात धरूनच निघा. गाडी नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, गाडीवाले त्या दिवसांत पार्किंग शोधत लांब लांब फिरतात. पार्क चौकाकडून गेलात तर चार पुतळ्यांपाशी थोरल्याला थांबवा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या स्वातंत्र्यलढ्यातल्या हुतात्म्यांना इंग्रजांनी 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. तारीख यात्रेच्या तोंडावरच येते, त्या दिवशी पुतळ्यांना हार घातलेले असतात. नऊ वर्षांच्या मुलाला हे समजतं, आणि ज्या गावात तो आता राहणार आहे त्या गावाची ही गोष्ट त्याला माहीत असायलाच हवी.

बाहेरगावचे नातेवाईक येणार असतील तर त्यांना एसटीनेच बोलवा. 5 ते 12 वयाला अर्धं तिकीट आहे आणि 2023 पासून बायकांनाही अर्धंच.

स्वेटर, कानटोपी, पाण्याची बाटली घ्या. दोघांच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि पोचल्या पोचल्या पोलिसांचं मदत केंद्र कुठे आहे ते दाखवून ठेवा. परतीची बस मधल्या थांब्यावर पकडू नका, ती जिथून सुटते तिथपर्यंत जा, बसायला जागा मिळते. मुलं फारच पेंगुळली तर सरळ स्वतंत्र रिक्षा करा, तिथे पैशाकडे बघू नका.