नोकरी सोडा, पण मार्चमध्ये नको

ताई, तुमचं पत्र आणि सोबतचा हिशोब दोन्ही नीट वाचले. वय 34, बी.कॉम., गांधर्व महाविद्यालय मंडळाची गायनातली विशारद, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका फर्ममध्ये अकाउंटंट, हातात येतात 28,500. मार्चअखेर राजीनामा, मग चार वर्षांची संगीताची पदवी, त्यावर दोन वर्षांचं बी.एड., आणि मग शाळेत संगीत शिक्षिका. पीएफ काढून घराचं कर्ज हलकं करायचं. तुमचा प्रश्न एकच, "परवडेल का?"

फीपुरतं म्हणाल तर परवडेल. ग्वाल्हेरात राहून संगीत शिकायचं म्हणजे वसतिगृह नाही, मेस नाही. माधव संगीत महाविद्यालय 1918 पासून आहे, राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठ 2008 पासून; घरून जाऊन-येऊन शिकता येतं. तुम्ही फी, पुस्तकं, तानपुऱ्याची दुरुस्ती धरून चार वर्षांचे 1,40,000 काढलेत. त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण त्या कागदावर खरा खर्च लिहिलेलाच नाही. सहा वर्षं पगार नाही म्हणजे 28,500 गुणिले 72, म्हणजे 20,52,000. फी त्यापुढे किरकोळ आहे.

आणि वय. केंद्रीय विद्यालयाच्या प्राथमिक संगीत शिक्षकासाठी वयाची अट 30, महिलांना दहा वर्षांची सूट, म्हणजे 40. 34 मध्ये चार आणि दोन मिळवून बघा. बी.एड.ची गुणपत्रिका हातात येईल तेव्हा ते दार बंद व्हायच्या बेतात असेल. गंमत म्हणजे (गंमत तरी कसली) या पदाला बी.एड. मागतच नाहीत. बारावीला 50 टक्के आणि संगीतातली पदवी किंवा समतुल्य, एवढंच. भरतीही दरसालची नाही. 2018 मध्ये या पदाच्या 201 जागा निघाल्या, त्यानंतरची मोठी जाहिरात आली डिसेंबर 2022 मध्ये, 303 जागांची, त्याही अख्ख्या देशात मिळून. एक भरती हुकली की पुढची येईपर्यंत तुमचं वय उलटलेलं असेल. म्हणून बी.एड. यादीतून काढा. ते आपल्या मध्य प्रदेश राज्याच्या भरतीसाठी धरलं असेल, तर त्या जाहिरातीतली अर्हता आधी वाचा, मग बघू.

आता मिळकतीची बाजू. केंद्रीय विद्यालयात या पदाचं मूळ वेतन 35,400 पासून, वर महागाई भत्ता. राज्यात प्राथमिक शिक्षकाला 25,300 आणि माध्यमिकला 32,800, अधिक भत्ता. तुम्ही ज्या दोन खासगी शाळांत विचारून आलात त्यांनी 14 ते 18 हजार सांगितले. माझ्याकडे येणाऱ्या एक संगीत शिक्षिका मे महिन्यात दरवर्षी एफडीचं व्याज मोजत बसतात, कारण शाळा दहाच महिन्यांचा पगार देते. खासगी शाळेसाठीच हा खटाटोप असेल तर निव्वळ पैशाचं बघता हा घाट्याचा सौदा आहे, आणि तुम्ही महाराज बाड्याचा चौक ओलांडून मला भेटायला आलात तरी मी हेच सांगेन.

पण तुमच्याकडे बी.कॉम. आहे आणि विशारदही. कुठल्याही शाखेची पदवी आणि सोबत विशारद असेल तर संगीताच्या एम.ए.ला प्रवेश देणारी विद्यापीठं आहेत. चारऐवजी दोन वर्षं! बुडणारा पगार 6,84,000 वर येतो आणि 36 व्या वर्षी तुम्ही अर्ज भरायला मोकळ्या. मेख 'समतुल्य' या शब्दात आहे. बी.ए. संगीत नसताना एम.ए. धरतात की नाही, हे भरती करणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्या. फोनवरचं "हो हो, चलेगा" कागदपत्रांच्या पडताळणीत कामाला येत नाही. शिवाय नवोदय विद्यालयांच्या 2022 च्या जाहिरातीत संगीत शिक्षकासाठी बारावीसह मंडळाची विशारदही धरली होती, तीही लेव्हल 7 वर, म्हणजे 44,900 मूळ वेतन. शाळा निवासी असते, घर हलवावं लागेल, हे यजमानांशी आधी बोला. माझा कौल असा: चार वर्षांच्या पदवीला नाही, दोन वर्षांच्या एम.ए.ला हो, मात्र लेखी उत्तर आल्यावरच.

आता मार्च का नको ते. तुम्ही पगारपत्रकाचा फोटो पाठवलात, त्यात उजव्या कोपऱ्यात रुजू झाल्याची तारीख आहे. त्या हिशोबानं मार्चअखेर 9 वर्षं 2 महिने होतात. पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेला दहा वर्षांची सेवा लागते, पण सहा महिने किंवा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे 9 वर्षं 6 महिने झाले की 58 व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क लागतो. तुमच्या बेसिकवर ती महिना दोन हजारांच्या आसपास बसेल. थोडी आहे, पण जन्मभराची आहे. ग्रॅच्युइटीतही, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेतही, सहा महिन्यांहून जास्तीचा काळ वर्ष म्हणून मोजतात. 16,000 बेसिकवर नऊ वर्षांचे 83,077 होतात, दहाचे 92,308. ऑगस्टचा पहिला आठवडा उलटेपर्यंत हजेरीपटावर नाव राहू द्या. वर्ग आधी सुरू झाले तर शिल्लक 18 दिवसांची रजा त्यात घाला. आणि प्रवेशाची पावती हातात येण्याआधी राजीनामा टाइपसुद्धा करू नका.

पीएफला हात लावू नका. कर्ज फेडून हात रिकामे झाले तर दोन वर्षांत अडीनडीला काय काढाल?

घरखर्च हप्त्यासकट 50,500, यजमानांचे 46,000. खड्डा 4,500 चा. संध्याकाळी तुमच्याकडे सहा मुलं गाणं शिकायला येतात, 800 प्रमाणे 4,800 होतात. तुम्ही लिहिलंय की अभ्यासासाठी ही शिकवणी बंद करणार. मुळीच करू नका! खड्डा तिथेच भरतोय. शिकवायचंच तर आहे तुम्हाला. फीसाठी तुमची 4,20,000 ची एफडी पुरून उरते, शैक्षणिक कर्ज नको.

एक गोष्ट पत्रात नव्हती, पगारपत्रकात दिसली. सासूबाई तुमच्या ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आहेत. तुम्ही बाहेर पडलात की त्याही बाहेर. त्यांना शुगर आहे, नव्या पॉलिसीत जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत त्यांना हलवता येतं का, हे एचआरला याच आठवड्यात ईमेलनं विचारा. उत्तर आलं की कळवा, हप्ता किती धरायचा ते त्यावर ठरवू.