नऊ तास अंथरुणात, साडेपाच तास झोप

"मॅडम, साडेदहाला पाठ टेकते, पण दीडपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. आता गोळीच लागणार का?" घरून काम करणाऱ्या छत्तिशीतल्या एका बाईंची ही काळजी. आठवड्यातल्या चार-पाच रात्री अशा जात होत्या, तेही चार महिन्यांपासून. आठवड्याला किमान ३ रात्री आणि ३ महिने असं चाललं तर तो दीर्घकालीन निद्रानाश. त्यावर पहिला उपाय गोळी नसून सवयींवर केलेलं नेमकं काम हा असतो.

घोरणं, झोपेत श्वास अडखळणं, रात्री पायांत होणारी बेचैनी, थायरॉईड यांबद्दल आधी विचारून घेतलं. तसं काही नव्हतं. मग दोन आठवडे झोपेची वही. किती वाजता पडलात, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलात, एवढंच. तेही सकाळी उठल्यावर लिहायचं. मनगटावरचं घड्याळ बाजूला ठेवायला सांगितलं. 'झोपेचा स्कोअर ५८' असं सकाळी वाचलं की त्या दिवसभर धास्तावलेल्या असत, आणि ती धास्ती रात्री पुन्हा उशाशी यायची.

वहीतून चित्र स्पष्ट झालं. साडेदहा ते साडेसात, म्हणजे ९ तास अंथरुणात. झोप सरासरी साडेपाच तास. प्रमाण ६१ टक्के. ते ८५ च्या आसपास हवं. झोप भरून काढायला त्या लवकर पडत होत्या आणि जागरणाचे तास वाढवत होत्या. शिवाय लॅपटॉप, मीटिंग, बँकेचं ॲप, सगळं पलंगावरच. त्यामुळे पलंग दिसला की शरीर कामाला लागायचं. स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणारे चष्मे त्यांनी घेतले होते. आमच्या मते स्क्रीनच्या उजेडापेक्षा स्क्रीनवर काय चाललंय ते जास्त जागं ठेवतं. साडेसहाची कॉफी तर त्यांच्या हिशेबातच नव्हती. कॅफिनचा निम्मा अंश उतरायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे साडेअकरालाही अर्धी कॉफी अंगात.

बदल ठरले ते असे. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद. काम टेबलावर. संध्याकाळी सातला १५ मिनिटं काळज्यांची वही: काय सतावतंय आणि त्यावर उद्याची पहिली पायरी कोणती. मुख्य बदल वेळेचा होता. साडेपाच तासांत अर्धा तास मिळवून अंथरुणाची वेळ रात्री साडेबारा ते सकाळी साडेसहा. २० मिनिटांसारखा वेळ झोपेविना गेला असं वाटलं (घड्याळ न बघता) की उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काही साधं वाचायचं, पेंग आली की परत यायचं. रविवारीही उठणं साडेसहालाच.

पहिला आठवडा जड जातो, हे आधीच सांगावं लागतं. दिवसा पेंग येते, म्हणून त्या काळात दुचाकी चालवू नका असं बजावलं. फिट येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असलेल्यांनी किंवा वाहन चालवणं हेच काम असलेल्यांनी झोपेचे तास असे आपल्या मनाने कमी करू नयेत. आधीपासून झोपेची गोळी चालू असेल तर ती एकदम सोडू नये, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी.

बहुतेकांचं बिनसतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी. "आज फार थकलेय, दहालाच पडते" म्हटलं की साठलेली झोपेची भूक वाया जाते. या बाईंनीही एकदा तसं केलं आणि ती रात्र तीनपर्यंत जागून काढली. त्यानंतर वेळ पाळली. दुसऱ्या आठवड्याअखेर ६ तासांपैकी सव्वापाच तास झोप, म्हणजे ८७ टक्के. तेव्हा पडण्याची वेळ १५ मिनिटांनी अलीकडे घेतली. प्रमाण टिकेल तशी दर आठवड्याला आणखी १५. आठव्या आठवड्यात त्या सव्वाअकराला पडत होत्या आणि बऱ्याच रात्री अर्ध्या तासात झोपत होत्या. एखादी रात्र अजूनही बिघडते. दुसऱ्या दिवशी गजर मात्र साडेसहाचाच असतो.